डंकावरचं अपडेट

त्या शनिवारी सकाळी अकराला पाच कमी असताना दीपक घाडीगावकर लालबागमध्ये नानांच्या मसाला कुटायच्या डंकावर एका पालथ्या पत्र्याच्या डब्यावर बसला होता. मांडीवर लॅपटॉप आणि पायाशी नऊ किलो मिरचीची पिशवी. त्याची पार नवी मुंबईत, महापेला बदली होणार की नाही, हे पुढच्या दोन तासांत ठरणार होतं. आता तुम्ही विचाराल, हे ठरायला अख्ख्या मुंबईत दुसरी जागा मिळाली नाही का? नाही मिळाली. तेच तर सांगतोय, जरा दम धरा.

दीपक परळच्या एका मोठ्या तपासणी लॅबमध्ये सर्व्हर सांभाळतो. लॅबचं नाव मी सांगणार नाही. अर्ध्या गिरणगावाची साखर तिथे नोंदलेली आहे, उगाच लोकांच्या जिवाला घोर नको. तिथे बारा सर्व्हर आहेत आणि प्रत्येकावर एक छोटं अ‍ॅड-ऑन बसवलेलं आहे. त्याचं काम एवढंच, की सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ताण किती, मेमरी पुरते का, डिस्क किती भरली, हे दर मिनिटाला मोजून वर कळवायचं. वर म्हणजे दीपकच्या स्क्रीनवर. तिथे बारा चौकोन. हिरवा असला तर ठीक, लाल झाला तर धावा. आणि लाल चौकोन दहा मिनिटं लालच राहिला, तर चौदा जणांचे फोन एकदम ठणाणा करायला लागतात. त्या चौदांत लॅबचे मोठे डॉक्टरही येतात. नऊ वर्षांपूर्वी हे सगळं दीपकने एकट्याने उभं केलं होतं, आणि अख्ख्या लॅबमध्ये एकाही माणसाने त्याला त्याबद्दल कधी बरं म्हटलेलं नव्हतं. हे तो विसरत नाही. दर दोन महिन्यांनी बायकोला ऐकवतो.

तर हे जुनं अ‍ॅड-ऑन महिनाअखेर बाद होणार होतं आणि नवी आवृत्ती बसवायची होती. नव्याने आलेल्या प्रिती मॅडमनी दीपकला केबिनमध्ये बोलावलं. वय चौतीस, आवाज हळू, वाक्यं छोटी. अशी माणसं फार घातक असतात.

"दीपक, एकही फोन न वाजता हे अपडेट झालं, तर मॉनिटरिंग परळला राहील. तुम्हीही राहाल. फोन वाजले, तर महापेच्या ऑफिसची टीम सगळं ताब्यात घेईल आणि तुम्हाला तिकडे जावं लागेल. माझ्यावरही वरून प्रेशर आहे."

दीपक "हो मॅडम" म्हणाला आणि बाहेर येऊन पाण्याचे तीन ग्लास प्यायला. परळची लॅब ते लालबागची चाळ म्हणजे चालत अकरा मिनिटं. रोज सव्वा वाजता तो घरी जेवायला जातो. चैन म्हणून नाही. वडील गेल्यापासून त्याची आई, सुभद्राबाई, एकटी जेवायला बसत नाही. ताट वाढते, झाकते आणि दाराकडे बघत राहते. दीपक एखाद्या दिवशी गेला नाही, तर ते ताट संध्याकाळपर्यंत तसंच झाकलेलं राहतं आणि वर "माका भूकच नव्हती" हे ऐकायला मिळतं. महापेहून काही तो जेवायला येऊ शकत नव्हता. म्हणून तो घाबरला होता. वय अठ्ठेचाळीस, केस निम्मे पिकलेले, आणि मनापासून घाबरला होता.

अपडेटला परवानगी हवी म्हणून त्याने अर्ज भरला. अर्जात सत्तावीस रकाने. काम का करायचं, कोण करणार, फसलं तर मागे कसं फिरणार, त्यातही फसलं तर कोणाला सांगणार. वर चार सह्या. कमिटी महिन्यातून एकदाच बसते, दुसऱ्या गुरुवारी. तिने वेळ दिली ती शनिवार, अकरा ते एक. त्यात मिनिटाचा फरक करायचा तर पुन्हा सत्तावीस रकाने आणि पुढचा महिना.

आणि नेमका तोच शनिवार, साडेबारा वाजता, घाडीगावकरांच्या मसाल्याचा नंबर.

आता ज्यांच्या घरी तयार मसाला पाकिटातून येतो, त्यांना यातलं गांभीर्य कळणार नाही. लालबागमध्ये एप्रिलात डंकावर नंबर लागणं म्हणजे काय असतं, ते इथल्या बायकांना विचारा. सुभद्राबाईने पाडव्याच्या दिवशी सकाळी जाऊन नानांच्या वहीत नाव घातलं होतं. मिरच्या आठ दिवस गच्चीत वाळवल्या, देठं खुडली, धणे, बडीशेप, दगडफूल, नाकेशर सगळं दोन दिवस बसून भाजलं. नंबर चुकला तर पुढचा थेट मे अखेर, तोही नानांचा मूड असेल तर. आणि डंकावर मसाला नुसता ठेवून यायचा नसतो. घरचं माणूस तिथे उभं राहायला लागतं. आधीच्या माणसाचा मसाला उखळात चिकटलेला असतो, तो नीट झाडून घेतला का ते बघायचं. मिरची आपलीच पडते ना ते बघायचं. चाळून राहिलेला चोथा पुन्हा कुटायला घातला का ते बघायचं. नजर हटली की मसाला गेला, अशी इथली पक्की समजूत आहे.

सुभद्राबाईचा गुडघा सुजलेला. दीपकची बायको सुचित्रा पालिकेच्या शाळेत शिक्षिका, तिचं त्या दिवशी ट्रेनिंग, गैरहजर राहिलं तर लेखी खुलासा. उरला कोण?

"आये, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे," दीपक म्हणाला.

"आणि ह्यो वर्षाच्या जेवणाचो प्रश्न आसा," आई म्हणाली. "तुझा काम बसून करूचा आसता मां? मग थय बस."

अर्जात 'कामाचं ठिकाण' या रकान्यात दीपकने 'घराजवळ' असं लिहिलेलं होतं, ते अक्षरशः खरं ठरलं.

नानांच्या डंकावर सहा लोखंडी मुसळं एका रांगेत वरखाली होतात. जमीन हादरते, शेजारच्या दुकानातली बरणी हादरते, आणि हवेत मिरची असते. थोडीथोडकी नाही. आत पाऊल टाकलं की डोळे, नाक, घसा तिन्ही एकदम कामाला लागतात. दीपकने तोंडावर रुमाल बांधला, चष्मा पुसला आणि बरोबर अकराच्या ठोक्याला पहिला सर्व्हर घेतला.

काम अवघड नव्हतं, पण चुकायला जागा भरपूर होती. जुनं अ‍ॅड-ऑन थांबवायचं. आपण केलेल्या सेटिंग्जचं फोल्डर बाजूला काढून ठेवायचं. नवी आवृत्ती टाकायची. आपलं फोल्डर परत जागेवर ठेवायचं. चालू करायचं आणि चौकोन हिरवा होईपर्यंत श्वास रोखून बसायचं. एका सर्व्हरला आठ मिनिटं. यात एक नियम आहे, आणि दीपक तो ऑफिसातल्या नव्या मुलांना बोट नाचवून सांगायचा: आपल्या सेटिंग्ज आपल्या फोल्डरमध्येच ठेवायच्या. अ‍ॅड-ऑनच्या मूळ फोल्डरमध्ये हात घालायचा नाही, कारण नवी आवृत्ती आली की तिथलं सगळं धुऊन जातं.

"काय रे दीपक, ऑफिस इथेच थाटलंस?" कुशाबा काकांनी पुढून विचारलं. कुशाबा काका त्याच्याच मजल्यावर राहतात. मिलमध्ये तीस वर्षं जॉबर, म्हणजे कामगारांवरचे मुकादम होते, आणि मिल बंद झाली तरी त्यांचं जॉबरपण चालूच आहे. रांगेत त्यांचा नंबर दीपकच्या आधी होता.

"काका, जरा महत्त्वाचं आहे."

"बंद करून करतोयस की चालू ठेवून?"

"बंद करून."

"चूक! आम्ही चालत्या साच्यावर धागा जोडायचो. मशीन बंद केलंस की ते रुसतं. मग परत चालू व्हायला नखरे करतं."

पहिला सर्व्हर चालू व्हायला खरोखरच नखरे करत होता. सातव्या मिनिटाला चौकोन हिरवा झाला आणि कुशाबा काकांनी "बघ, माझं ऐकलंस म्हणून" असं जाहीर केलं. त्याने काहीच ऐकलेलं नव्हतं. पण काकांशी वाद घालायला आठ मिनिटं नव्हती.

दुसरा, तिसरा, चौथा. मध्ये दर दहा मिनिटांनी आईचा फोन.

"झिला, मिरचेर लक्ष आसा मां?"

"आहे गं आये."

"पिशवी पायाकडे आसा मां?"

"आहे."

"त्या कुशाबाच्या हातात देव नको. तेच्या घरातल्या मसाल्याक रंग नाय."

हे स्पीकरवर गेलं, कारण दीपकचं बोट घामाने घसरलं. कुशाबा काका ऐकून न ऐकल्यासारखं करून उखळाकडे बघत राहिले आणि पुढची वीस मिनिटं दीपकशी बोलले नाहीत. त्या वीस मिनिटांत सर्वात जास्त काम झालं.

सातव्या सर्व्हरवर जुनं अ‍ॅड-ऑन थांबवलं होतं, नवं अर्धं टाकून झालं होतं, आणि नानांनी भिंतीतला लॅपटॉपचा प्लग उपटला.

"नाना!"

"चाळणीची मोटर लावायची आहे."

"नाना, लॅपटॉपची बॅटरी जुनी आहे, अर्धा तास पण टिकायची नाही!"

"हे ऑफिस नाही, डंक आहे," नाना शांतपणे म्हणाले. "इथे मसाला आधी."

मागच्या नंबरवर बकुळाबाई होत्या. काळाचौकीच्या. पालिकेच्या इस्पितळात पस्तीस वर्षं सिस्टर होत्या, शेवटची बारा अतिदक्षता विभागात. पांढरी साडी गेली पण करडा आवाज राहिला. त्यांनी आपल्या पिशवीवरचा हात न काढता म्हटलं, "नाना, त्या काउंटरवरच्या पंख्याचा प्लग रिकामा करा. तुम्हाला पंखा कशाला? मिरची उडतेय सगळीकडे."

नानांनी पंखा काढला. नाना कोणाचं ऐकत नाहीत, पण बकुळाबाईंनी कधीकाळी त्यांना इंजेक्शन दिलेलं असणार, एरवी एवढा आज्ञाधारकपणा येत नाही. लॅपटॉप चालू राहिला. सातवा हिरवा झाला. दीपक त्यांना थँक्यू म्हणायला वळला, तर त्या म्हणाल्या, "तुमचं तुम्ही बघा, नंबर पुढे सरकतोय."

आठ, नऊ, दहा, अकरा. अकरावा हिरवा झाला तेव्हा बारा वाजून एकतीस मिनिटं झाली होती. अकरा चौकोन झाले होते आणि एकही फोन वाजला नव्हता. दीपकला पहिल्यांदाच वाटलं, की आपण वाचलो. अशा वेळी माणसाने असं काही वाटून घेऊ नये, पण ते कोणाच्या हातात असतं?

कुशाबा काकांचा मसाला संपला. नानांनी हाक मारली, "घाडीगावकर!"

दीपकने पिशवी पुढे केली, उखळ झाडून घेतलं का ते वाकून बघितलं, पहिली मिरची पडताना डोळ्यांनी पाहिली, आणि बाराव्या सर्व्हरला हात घातला. बारावा सर्व्हर म्हणजे पेशंटचे रिपोर्ट जिथे साठतात तो. थांबवला, फोल्डर काढलं, नवं टाकलं, फोल्डर ठेवलं, चालू केला. बारा एकोणचाळीस.

बारावा चौकोन लाल झाला.

डिस्क: सत्त्याण्णव टक्के भरलेली.

दीपकला वाटलं, डोळ्यांत मिरची गेली म्हणून चुकीचं दिसतंय. चष्मा पुसला. सत्त्याण्णवच. आठ मिनिटांपूर्वी हाच चौकोन हिरवागार होता आणि डिस्क एकाहत्तर टक्के दाखवत होता. अपडेटने आठ मिनिटांत डिस्क कशी भरेल? नवं अ‍ॅड-ऑन खोटं बोलतंय, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं. मग तो थेट सर्व्हरवर गेला आणि स्वतः डिस्क मोजली. सत्त्याण्णव. नवं खरं बोलत होतं. मग खोटं बोलत होतं ते जुनं.

आणि त्याच क्षणी त्याला आठवलं.

गेल्या सप्टेंबरात अनंत चतुर्दशीला दीपक मंडळाच्या ट्रॉलीबरोबर होता. लालबागमध्ये जन्मलेला माणूस त्या दिवशी दुसरीकडे कुठे असणार? ढोल-ताशे, गुलाल, मोबाईलला रेंज येते-जाते. आणि बाराव्या सर्व्हरची डिस्क किरकिर करायला लागली. खरं तर काही झालं नव्हतं, एक मोठी फाईल मध्येच येऊन जात होती. पण दहा मिनिटांनी चौदा फोन वाजणार, मोठे डॉक्टर विचारणार, आणि दीपकच्या खांद्यावर दोरखंड. त्याने एका हाताने मोबाईलवरूनच त्या सर्व्हरवरची डिस्कची मोजणीच बंद केली. आपलं फोल्डर गर्दीत उघडेना, म्हणून मूळ फोल्डरमध्ये हात घालून. "उद्या परत चालू करू," असं मनाशी म्हणाला आणि "पुढच्या वर्षी लवकर या" म्हणत पुढे सरकला.

ते उद्या काही उजाडलंच नाही. मोजणी बंद, त्यामुळे स्क्रीन शेवटचा आकडाच दाखवत राहिली. एकाहत्तर. सात महिने एकाहत्तर. त्या एकाहत्तरावर दीपक रोज सकाळी समाधानाने चहा प्यायला. आणि आज नव्या आवृत्तीने मूळ फोल्डर धुऊन काढलं, मोजणी आपोआप चालू झाली, आणि सात महिन्यांचं सत्य एकदम समोर येऊन उभं राहिलं.

बारा त्रेचाळीस. अठ्ठ्याण्णव टक्के. शनिवारी रिपोर्टांची गर्दी असते, रात्री साफ होणाऱ्या तात्पुरत्या फायलीही साठतात, चार मिनिटांत एक टक्का चढत होता. डिस्क भरली की रिपोर्ट थांबणार. जुन्या नोंदींच्या फायली दुसरीकडे हलवल्या तर जागा होणार होती, पण त्याला आठ-दहा मिनिटं तरी हवी. आणि एकोणपन्नासला फोन वाजणार.

"काय झालं रे?" कुशाबा काका रुसवा विसरून जवळ आले. त्यांच्या हातात मसाल्याचा गरम डबा.

दीपकने सांगितलं. माणूस घाबरला की कोणालाही सांगतो. बदली, चौदा फोन, गणपती, सगळं.

"मग त्यात काय? परत बंद कर ना मोजणी," काका म्हणाले. "कोणाला कळतंय? सावकाश साफ कर, मग चालू कर. तू काय चोरी केलीस? गणपतीत केलंस, बाप्पाला माहीत आहे."

दीपकने ते आधीच मनात करून बघितलं होतं, खोटं कशाला सांगू. एक शब्द बदलायचा आणि स्क्रीनवर जुना आकडा परत भरायचा, दहा सेकंदांचं काम. चौकोन परत एकाहत्तर दाखवेल, हिरवा होईल, एक वाजेल, आणि उद्यापासून परत सव्वाचं जेवण. फायली तेवढ्यात हलल्या तर कोणाला काही कळणार नाही. नाही हलल्या तर? त्याचं बोट त्या शब्दावर होतं.

मागून बकुळाबाई म्हणाल्या, "आमच्याकडेही एक डॉक्टर होते. पेशंटचं मशीन सारखं वाजतं म्हणून आवाज बंद करून ठेवायचे."

"मग?" दीपकने विचारलं.

"मग काय, पेशंटला कुठे माहीत होतं की आवाज बंद आहे म्हणून. त्याने जे करायचं ते केलं." त्यांनी आपली पिशवी पायाने थोडी पुढे सरकवली. "तिकडे रिपोर्ट टाकणारी माणसं आहेत ना? त्यांना सांगा थांबा म्हणून. ती थांबली तर भरणार नाही. आवाज बंद ठेवून कसं सांगाल?"

बारा सत्तेचाळीस. नव्याण्णव.

दीपकने बोट उचललं आणि प्रिती मॅडमना फोन लावला. त्यांनी नियमाप्रमाणे व्हिडिओ चालू केला. समोर काय दिसलं असेल ते तुम्हीच बघा: तोंडावर रुमाल, लाल डोळे, गालांवरून धारा, मागे धडाधड वरखाली होणारी मुसळं.

"दीपक? तुम्ही रडताय?"

"नाही मॅडम, मिरची. मॅडम, आता फोन वाजणार आहेत. वाजू द्या. बाराव्याची डिस्क भरली आहे. रिपोर्ट अपलोड करणाऱ्यांना पंधरा मिनिटं थांबायला सांगा, आत्ता लगेच. अपडेटचा दोष नाही. मोजणी मीच बंद ठेवली होती. गणपतीत. विसरलो."

"सांगते." फोन कट.

एकोणपन्नासला चौदा फोन वाजले. त्यातला एक दीपकचा, आणि तो अख्ख्या डंकावर ऐकू गेला. दीपकने तो बंद केला नाही. फायली हलवण्याची आज्ञा लिहायला घेतली, आणि नाकात शिंक आली. साधी शिंक नव्हे. डोळे मिटतात, हात उडतात, ती. त्या आज्ञेत एक अक्षर इकडचं तिकडे झालं असतं, तर जुन्या नोंदींऐवजी पेशंटचे रिपोर्ट हलले असते, आणि मग महापेच काय, कुठेच जायची सोय उरली नसती.

"जीभ टाळूला लावा! घट्ट!" बकुळाबाई ओरडल्या.

त्याने लावली. शिंक तिथेच घुटमळली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, पण हात स्थिर. त्याने आज्ञा तीनदा वाचली आणि दाबली. मग मागे वळून अशी शिंक दिली, की नानांनी मशीन थांबवून विचारलं, "काय तुटलं?"

नव्याण्णव. नव्याण्णव. आकडा वर चढेना, म्हणजे तिकडे माणसं थांबली होती. अठ्ठ्याण्णव. ब्याण्णव. चौऱ्याऐंशी. बारा अठ्ठावन्नला चौकोन हिरवा झाला. बारा हिरवे चौकोन, आणि प्रत्येक आकडा खरा. दीपकने ते बघितलं आणि त्याला खरंच रडू आलं. पण त्या चेहऱ्यावर फरक कोणाला कळणार होता?

मग त्याला मसाला आठवला. तो धडपडत उठला. बकुळाबाई त्याच्या उखळाशी उभ्या होत्या, हातात त्याच्याच मसाल्याचा डबा.

"चोथा दोनदा कुटून घेतलाय. नाना एकदाच घालत होते," त्या म्हणाल्या. "घ्या, आणि सरका आता. माझी हळद राहिली आहे."

घरी आईने मसाला हातावर घेतला, वास घेतला, जिभेला लावला. "बरो झालोहा," एवढंच म्हणाली. तिच्याकडून हे फार मोठं सर्टिफिकेट आहे. पण दीपकने जेवता जेवता तिला सांगून टाकलं, की फोन वाजले, बहुतेक महापे. तिने त्याच्या पानात भात वाढला, जरा जास्तच, आणि आपल्या पानात वाढायची विसरली.

रविवारी त्याने अहवाल भरला. 'घटनेचं कारण' या रकान्यात यादीतून निवडायचं होतं: वीज, नेटवर्क, पुरवठादार, हवामान, अज्ञात, इतर. सगळे 'अज्ञात' निवडतात, तो रकाना त्यासाठीच आहे. दीपकने 'इतर' निवडलं आणि पुढे लिहिलं: 'कारण, मी. दीपक घाडीगावकर. विसर्जनाच्या दिवशी मोजणी बंद केली, परत चालू केली नाही.' खाली तारीख घातली. सुचित्राने मागून वाचलं आणि म्हणाली, "एवढं सविस्तर?" तो म्हणाला, "शुद्धलेखन ठीक आहे का ते बघ फक्त."

सोमवारी प्रिती मॅडमनी बोलावलं. टेबलावर त्याचा अहवाल.

"फोन किती वाजले?"

"चौदा."

"आपलं काय ठरलं होतं?"

"एकही नाही." दीपक उभाच होता. "मी कधीपासून जायचं महापेला, तेवढं सांगा. घरी व्यवस्था करावी लागेल."

मॅडमनी अहवाल उलटा करून ठेवला. "दर शुक्रवारी मी त्या स्क्रीनवर सही करते. आल्यापासून दर आठवड्याला तो एकाहत्तर बघितला. आकडा कधी हलत कसा नाही, हे मलाही विचारावंसं वाटलं नाही." त्यांनी उलट्या अहवालावर बोट ठेवलं. "ते मी खाली लिहिलंय. माझ्या नावाने."

दीपक "हो मॅडम" म्हणाला.

"आणि महापेचं म्हणाल तर, मी काल तुमचे कागद पाठवले होते. तिकडच्या अजित सरांचा सकाळी फोन आला." मॅडमच्या हळू आवाजात पहिल्यांदाच काहीतरी हसण्यासारखं होतं. "ते म्हणाले, आमच्याकडे सहा वर्षांत त्या रकान्यात कोणी माणसाचं नाव लिहिलेलं नाही. हा गृहस्थ इथे आला तर बाकीच्यांनाही सवय लागेल. त्यांना तुम्ही नको आहात. आणि तुमच्याशिवाय ते मॉनिटरिंग चालवायला माणूस नाही, म्हणून तेही नको."

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही परळलाच. जा, कामाला लागा."

दीपक बाहेर आला. आनंदाने नाचायला हवं होतं. पण जिन्यावर पोचेपर्यंत त्याच्या मनात काहीतरी टोचायला लागलं, आणि चाळीच्या दारात पोचेपर्यंत त्याचा चांगला संताप झाला होता. बावीस वर्षं नोकरी केली, आणि नको म्हणाले? ज्या महापेच्या भीतीने महिनाभर झोप उडाली, त्या महापेला हा माणूस चालत नाही?

सव्वा वाजले होते. आईने ताट वाढून झाकलेलं होतं. त्याने चपला काढता काढता सगळं सांगितलं. बदली टळली, तिकडच्या साहेबाने घ्यायला नकार दिला, का दिला तेही.

सुभद्राबाईने आधी देवाकडे बघून हात जोडले. मग तिचे हात हळूहळू खाली आले.

"नको म्हणजे?" ती म्हणाली. "खरा बोललो म्हणान नको?"

"हो."

"माझ्या झिलाक नको म्हणणारो तो कोण?" तिने गुडघा धरला आणि उठून उभी राहिली. "आधी जेवून घे. मग माका खय बस मिळता ता सांग. त्या महापेक मी जातंय."